कोमट अंगाचे दिवस

एक्केचाळीस नंबरच्या नळीची रेघ पडद्यावर उचलली गेली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि ज्योत्स्नाच्या हातातला चहा नेमका पिण्याजोगा झाला होता. तो तिनं प्यायला नाही. ही रेघ उचलायला नको होती. बाकीच्या नळ्यांच्या रेघा वैशाखातल्या गुरांसारख्या तळाशी आडव्या पडून होत्या, ज्या तीन-चार उठायच्या त्या केव्हाच उठून वर गेल्या होत्या. ही मात्र सगळं आटोपल्यावर, चौतिसाव्या फेरीला, दाराआडून कोणी डोकवावं तशी थबकत थबकत वर आली. यंत्र प्रत्येक फेरीत नळीतली विषाणूची खूण दुप्पट करतं. एकीच्या दोन, दोहोंच्या चार. जितक्या उशिरा रेघ दिसेल तितकं मुळात थोडं. चौतिसाव्या फेरीला दिसणं म्हणजे भर बाजारात, फार मागून, कोणी आपल्याला नावानं हाक मारणं. खरंच मारली का, सांगता येत नाही. मान मात्र वळतेच.

आणि ती नळी नरांची होती. डासाचा नर चावत नाही. पिसांसारख्या मिशा घेऊन तो आठ-दहा दिवस फुलाफांदीचं गोड चाटत जगतो आणि मरतो. माणसाच्या रक्ताची चव त्याला ठाऊक नसते. चावते ती मादी, आणि रोग आणते तीही मादीच. म्हणून दर दहा नळ्यांमागे ज्योत्स्ना एक नळी नरांची लावायची. वीस नर, थंड द्रवात दांडीनं ठेचलेले, करड्या गढूळ पाण्याचे चार थेंब. कोरे साक्षीदार म्हणायची ती त्यांना. ते बोलले तर समजायचं की आपलाच हात कुठे तरी ओला लागला, एका नळीतलं दुसरीत गेलं, आणि ती नळी खोडून टाकायची. तसा नियमच होता. रागिणी मॅडमनी तो वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिला होता.

अमरावतीत, कॅम्पातल्या त्या जुन्या बसक्या इमारतीत गेले सहा महिने तिचं हेच चाललं होतं. ठेचलेल्या डासांचा एकच रस तीन साक्षीदारांपुढे ठेवायचा. पहिलं कार्ड, दोन थेंब टाका, वीस मिनिटं थांबा, एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर डेंग्यू. दुसरं हे यंत्र. आणि तिसऱ्या पेशी. बाटलीच्या तळाशी वाढवलेला डासाच्याच पेशींचा पातळ थर, त्यात रस सोडायचा आणि आठवडाभर वाट बघायची, आजारी पडतात का ते. कुठल्याशा अळ्यांपासून पन्नास-साठ वर्षांपूर्वी काढलेल्या त्या पेशी. अळ्या कधीच मेल्या. पेशींना कोणी सांगितलं नाही, म्हणून त्या वाढतच आहेत. तिघांपैकी कोण खरं बोलतं आणि कोण किती वेळा गप्प बसतं, हे काढायचं होतं. कार्ड पुरेसं ठरलं तर ते जीपमध्ये टाकून धारणीकडच्या वस्त्यांवर नेता येणार होतं, जिथं यंत्र जाऊ शकत नाही. चांगलं काम होतं. रात्री झोप लागावी असं काम होतं.

"ताई, नर बोलला वाटते," मागून कुंदन म्हणाला. घरोघरी फिरून डास नि अळ्या गोळा करणारा हा अचलपूरचा पोरगेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि प्रयोगशाळेत हसणारा एकटाच. "मारा फुली. मॅडम तं म्हन्तेच, नराचं बोलनं मनावर घ्याचं नसते."

"परत लावलं कुंदन. हे दुसऱ्यांदाचं आहे."

"अन् आकडा?"

"चौतीसच."

कुंदनचं हसू हळूच आत गेलं. ज्योत्स्नानं एक्केचाळिसाचं कार्ड ट्रेमधून उचलून उजेडात धरलं. एकच रेघ. दुसरीची जागा पांढरी, धुऊन वाळत टाकलेल्या लुगड्यासारखी पांढरी. कार्ड कोरं आहे, ती मनातल्या मनात म्हणाली. आणि हेच तीन शब्द आपण आधी मोठ्यानं म्हटले आहेत हे तिच्या घशाला तिच्याआधी आठवलं. कार्ड कोरं हाये ना? मंग भिऊ नका. घरी घेऊन जा लेकराले. मागच्या सप्टेंबरात, याच खोलीत, याच स्टुलावर बसून, फोन खांद्यानं कानाशी दाबून, दोन्ही हातांत हातमोजे. पलीकडे अकोल्याच्या कुठल्याशा लहान दवाखान्याच्या पायरीवर तिची माय जाईबाई उभी होती, आणि मायच्या कडेवर, सात वर्षांची झाली तरी कडेवरच, भावाची मुलगी दीक्षा. ज्योत्स्नानं विचारायचं ते विचारलं होतं. कार्ड पहिले पाच दिवस नीट बोलतं, त्यानंतर त्याचा भरवसा नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी विचारलं होतं, माय, ताप कवापासून हाये? माय म्हणाली, परवापासून. तिसरा दिवस. म्हणजे कार्ड खरं. मग भिऊ नका. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं, पोरीनं अर्धी भाकर खाल्ली. आणि ताप उतरल्यावरच या दुखण्याचा खरा पाय घरात पडतो, हे ज्याला ठाऊक होतं ते माणूस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर नळ्या मोजत बसलं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी दीक्षा नव्हती.

तेव्हापासून ज्योत्स्नाला कानाशी गुणगुण सहन होत नव्हती, आणि पोटासाठी ती डासांत बसत होती. पिंजऱ्यातल्या माद्या खालच्या सुरात वाजतात, नर वरच्या. आणि जवळ आले की दोघं आपापले सूर सरकवत एकमेकांत मिसळतात. ते तिसरं जे काही वाजायचं, ते तिला ओळखीचं वाटायचं. दीक्षाला खोड होती. कूलरच्या जाळीला तोंड लावून बोलायचं. पात्यांनी तो आवाज चिरून त्याच्या चकत्या व्हायच्या, आणि ती त्याच थरथरत्या आवाजात घरभर हाका मारायची. आऽऽत्याऽऽ. एकेका अक्षराचे दहा-दहा तुकडे. भूत आलं व आजी, भूत बोलून राहिलं. माय हसून म्हणायची, भुताले म्हना भाकर खाऊन घे.

"घर कोणाचं, कुंदन?" ज्योत्स्नानं विचारलं. नळ्यांवर नुसते आकडे असत. कोणत्या घरचे डास हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून पत्त्यांची यादी कुंदनकडेच.

तो उगाच पेन शोधू लागला. "दोन घरं कमी पडत होते अकोल्यात. तुमीच पत्ता देल्ता ना ताई. कौलखेडचं, तुमच्या मायच्या घरचं. आजीनं चहा पाजला मले. कूलरच्या टाकीत अळ्या वळवळत होत्या, म्या पळीनं उचलल्या. इथं आणून वाढवल्या. सारे इथंच जन्मले, मच्छरदानीच्या डब्यात. कोनाले शिवलेबी नाई ते."

कोणाला शिवले नाहीत. ज्योत्स्ना उठून सूक्ष्मदर्शकापाशी गेली. एक्केचाळिसाचाच रस आठ दिवसांपूर्वी पेशींच्या बाटलीत सोडला होता. यंत्र फक्त खूण सांगतं. ती जिवंताची की मेलेल्याची, ते त्याला कळत नाही. ते पेशी सांगतात. तिनं भिंगाला डोळा लावला. सारवलेल्या अंगणासारखा सपाट असायचा तो थर जागोजागी उसवला होता. पेशी एकमेकींना बिलगून, एकमेकींत विरघळून फुगल्या होत्या, चार-चार पाच-पाच जणी मिळून एकच मोठं, सुजलेलं तोंड झाल्यासारख्या. ती बघत राहिली. काहीच हलत नव्हतं, आणि तरी आपल्याकडे बघितलं जातं आहे असं तिला वाटत राहिलं.

मग तिनं ते मनात क्रमानं लावलं, जसं मॅडमना तोंडी सांगावं लागेल तसं. नर रक्त पीत नाहीत. हे तर जन्मल्यापासून डब्यातच. म्हणजे त्यांच्यात जे आहे ते त्यांच्या आईकडून, अंड्यातून आलं. या जातीची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवते. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत. सहा महिने, आठ महिने, काजळाच्या ठिपक्यांसारखी कोरड्या पत्र्याला धरून वाट बघतात. पाणी चढलं की उठतात. आणि त्या कूलरच्या टाकीत गेल्या सप्टेंबरनंतर पाणी नव्हतं. पोर गेली तसा भावानं, धर्मपालनं, तो बंद केला होता. पुढं मोर्शीला बदली मागून घेतली, बायकोला घेऊन निघून गेला, आणि खिडकीतला कूलर तसाच राहिला, कारण त्याला हात कोण लावणार. म्हणजे अंडी तेव्हाची. मादी तेव्हाची. तिच्या पोटातलं रक्त त्या घरातल्या कोणाचं तरी, तेव्हाचं, तापाचं. त्या घरात त्या दिवसांत ताप एकीलाच होता. शास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. उडून आलेली मादी शेजारची असू शकते, हजार गोष्टी असू शकतात. पण जात्यावर बसणाऱ्या बायांच्या लेकीला हे कोण समजावणार. लेकीचं काही तरी घरातच राहिलं होतं. भिंतीला चिकटून. आणि कोणी तरी त्याला पाणी घातलं होतं.

तिनं मायला फोन लावला.

"काय करून राहिली माय?"

"काई नाई व. पडली जराशी."

"ह्या टायमाले?"

"ऊन लागलं असन. अंग कोमट हाये." मायच्या आवाजामागे कूलर घरघरत होता, आणि त्या घरघरीत एक लय होती, एक चकत्या-चकत्यांची लय. ज्योत्स्नानं फोन कानापासून किंचित दूर धरला. "तू जेवली काय?" माय विचारत होती.

अंग कोमट. हे त्यांच्या घरातलं बोलणं होतं. आजीच्या वेळचं. घरात कोणाचं अंग तापलं की पहिले तीन दिवस ताप हे नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की पाव्हणा मुक्काम करतो. तीन दिवस नुसतं अंग कोमट असतं. चौथ्या दिवशीही उतरलं नाही तर मग त्याला ताप म्हणायचं, आणि तोच पहिला दिवस. धम्म घेतला त्या वर्षी आजीनं घरातले सगळे देव टोपलीत घालून मोर्णा नदीत सोडले, मागं वळून पाहिलं नाही. नवस गेले, अंगारे गेले, मायनं तर मुलांना अंधारात पाठवून पाठवून भुताची भीती काढली. हे एवढं मात्र राहून गेलं. कोणाच्या लक्षातच आलं नाही की हेही सोडायचं असतं.

ज्योत्स्ना भिंतीला टेकली. मागच्या सप्टेंबरात आपण काय विचारलं होतं? ताप कवापासून. आणि माय कधी खोटं बोलत नाही.

तिनं फोन परत कानाशी नेला. "येऊन राहिली मी," एवढंच म्हणाली. पिशवीत रक्ताच्या दोन नळ्या, सुई आणि बर्फाचा डबा टाकला. दारात रागिणी मॅडम भेटल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांचा तक्ता पूर्ण होत आला होता. "नराची ती एक खोडून टाक गं जाताना," त्या म्हणाल्या. "तेवढी सोडली तर कार्ड आणि यंत्र छान जुळतंय."

"नाही खोडत मॅडम. ती खरी आहे." आणि वळून, "कुंदन, एक्केचाळिसाला फुली मारू नको."

मूर्तिजापूरमार्गे जाणारी एसटी तापलेल्या तव्यासारखी होती. खिडकीबाहेर नांगरलेली काळी रानं उन्हात भेगाळून पडलेली. त्यांच्यावरून वाफ उठत होती आणि त्या वाफेत दूरची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. जिथं पाणी नाही तिथं पाणी दिसतं, जिथं आहे तिथं दिसत नाही. मायची एक ओवी तिच्या मनात फिरू लागली, जात्यासारखीच, जिथून निघाली तिथंच परत येणारी:

पान्याले गेली लेक, घागर आली दारी
सावली आली पुढं, लेक ऱ्हायली माघारी

लहानपणी ती विचारायची, माय, मग सावली कोनाची? माय म्हणायची, दळू दे मले, गान्याले असं नसते इचारत. आता, बोरगाव मागं टाकून गाडी अकोल्याकडे उतरताना, तिला वाटलं की आपण आयुष्यभर चुकीचंच विचारत आलो. ज्याचं उत्तर मिळतं तेवढंच विचारायचं आणि वहीत लिहायचं. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं, त्याच्या दंडावर एक डास बसला होता, काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा, दुपारचा. ज्योत्स्नानं हात पुढं केला. बाईनं चमकून मूल छातीशी ओढलं. डास उडाला. "मच्छर होता," ज्योत्स्ना म्हणाली. बाई तिच्याकडे बघत राहिली, जसं काही तो हिनंच आणला होता.

कौलखेडच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधूक, गार, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सकाळची मेणबत्ती विझून वाकलेली. माय खाटेवर नव्हती. ती खाली, फरशीवर, कूलरच्या अगदी पुढ्यात कुशीवर निजली होती, तोंड जाळीकडे करून. जाळीवर दीक्षानं डकवलेलं फुलपाखरू अजून होतं, एक पंख सुटून वाऱ्यावर फडफडणारा.

"आली काय," माय वळून न बघता म्हणाली. "हळू बोल जराशी."

"काहून?"

"थे बोलते ना. दुपारी बोलते. पानी भरलेलं असलं का बोलते, कोरडं असलं का नाई बोलत. धर्मानं बंद करून ठेवल्तं लेकराचं तोंड." मायनं कोरडे ओठ जिभेनं ओले केले. "मी भरलं. गुढीपाडव्यापासून रोज दोन बादल्या भरते. मले कोनता गारवा पायजे व? मले आयकाले पायजे."

ज्योत्स्ना तिच्याशेजारी बसली. ऐकायचं नाही असं ठरवूनही तिनं ऐकलं. पंप थेंब थेंब पाणी चढवत होता, पाती वारा चिरत होती, आणि चिरलेल्या वाऱ्यात, अगदी मागून, चौतिसाव्या फेरीला उठावं तसं काही तरी उठत होतं. आऽ. आऽ. आऽ. ते तिथं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं आपलं नातं बरोबर ओळखलं होतं. आता थांबलं तर सगळं नाव येईल, असं वाटून ती किती तरी वेळ थांबली. तिच्या हाताखाली मायचा दंड चुलीजवळच्या फरशीसारखा तापला होता. दंडावर लाल बारीक ठिपके उगवले होते. मायच्या कानामागे एक मादी बसली होती, पोट माणकासारखं तांबडं, जड, उडायचीही घाई नसलेली.

ज्योत्स्ना उठली. टाकीच्या कडेवरून आत वाकली. पाण्यात अळ्या शेपटी वर करून टांगलेल्या, बोट दाखवताच तळाकडे धावणाऱ्या. आणि पाण्याच्या चार बोटं वर, गंजलेल्या पत्र्यावर, मागच्या वर्षीच्या पाण्याची आडवी रेघ. त्या रेघेवर अजून काळे ठिपके होते, बारीक, दाट, कोणी काजळाचं बोट ओढल्यासारखे. अजून न उठलेले. पाणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं म्हणून.

"नको," माय मागून म्हणाली. तिनं बघितलं नव्हतं, तरी. "नको बंद करू ज्योत्स्ना. राहू दे एवढा उन्हाया."

"माय, हे तुले मारून टाकन."

"मंग काय झालं? लेकराचंच हाये ना."

ज्योत्स्नानं जाळीशी तोंड नेलं, इतकं जवळ की सुटलेला पंख ओठांना लागला, आणि हळूच म्हणाली, "दीक्षू, बस झालं बेटा." पात्यांनी ते चिरलं, चकत्या केल्या, आणि घरभर पसरून परत तिच्याच कानाशी आणून टाकलं, एका लहान मुलीच्या आवाजात. मग तिनं बटण दाबलं.

पाती लगेच थांबली नाहीत. आपल्याच वजनानं फिरत राहिली, सूर खाली खाली उतरत गेला, आणि शेवटी एकेक पातं वेगळं दिसू लागलं. घर इतकं शांत झालं की टाकीत ठिबकणारा शेवटचा थेंबही ऐकू आला. मायनं डोळे मिटून घेतले. रडली नाही.

बाहेर ऑटोवाल्याला थांबायला सांगून ज्योत्स्ना परत आत आली, मायच्या दंडाला पट्टा बांधला, आणि शिरेत सुई घातली. काळपट रक्त नळीत चढू लागलं. दवाखान्यात पोचल्याबरोबर तिला विचारतील, आणि या वेळी तिला चुकायचं नव्हतं.

"माय," ती म्हणाली. "ताप नको सांगू. कोमट कवापासून हाये ते सांग."

नळी अर्धी भरली. मग मोकळ्या हाताचा अंगठा माय बोटांच्या पेरांवरून एकेक करत फिरवू लागली, शेतात पाळी लावताना बाया मोजतात तसा, ओठ हलवत.

"आज तिसरा," ती म्हणाली. अंगठा थांबला नाही. पुन्हा पहिल्या पेरावर गेला आणि तिथून नव्यानं निघाला, या खेपेला फार सावकाश, जणू प्रत्येक पेर दुखत होतं. ज्योत्स्ना नळीकडे बघत राहिली. मायकडे बघायची तिची छाती झाली नाही.

"आन तवा," माय म्हणाली, "तवा सहावा होता."